घाटातला थांबा

लखनौच्या अमीनाबाद बाजारात माणसाला धावता येत नाही. कचेरी सुटल्यावर गडबडझाल्याच्या बोळापर्यंत जायचे, तरी रिक्षा, हातगाड्या, चिकनच्या कपड्यांचे गठ्ठे वाहणारे हमाल आणि ‘पहले आप’ म्हणत जागच्या जागी उभे राहणारे सभ्य गृहस्थ यांच्यामधून अंग चोरून वाट काढावी लागते. त्यामुळे काही वर्षांपूर्वी पावसाळ्याच्या अखेरीस रजेवर पुण्यास गेलो असता, ताईने ‘शनिवारी आमच्या मंडळाबरोबर साताऱ्यास चल, डोंगरातली शर्यत पाहा’ असे म्हटले, तेव्हा मी केवळ कुतूहलापोटी होकार दिला. त्या दोन दिवसांत जे पाहिले, ते आमच्या वाचकांच्या घरीही उपयोगी पडावे, म्हणून आजचे हे पान.

ताई आणि दाजी ज्या मंडळात जातात ते नामांकित धावपटूंचे मंडळ नव्हे. बँकेतील कारकून, शाळामास्तर, एक डॉक्टर, दोन-तीन गृहिणी, पेन्शनीत निघालेले एक आप्पा, अशी वीस-बावीस माणसे रोज पहाटे टेकडीवर जमतात. दाजी त्यांतले जुने. ताईला धावू लागून जेमतेम वर्ष झाले होते. घरातला स्वयंपाक आवरून, मुलीची परीक्षा सांभाळून तिने हा वेळ काढला होता. साताऱ्याची शर्यत ती प्रथमच धावणार होती. दाजींचा मात्र मागील वर्षीच्या आपल्या वेळेतून दहा मिनिटे कमी करण्याचा निश्चय होता. ‘तू सावकाश ये, मी खाली तुझी वाट पाहीन,’ असे त्यांनी घरीच सांगून टाकले होते.

शनिवारी दुपारी आमची बस निघाली. खंबाटकीचा घाट चढताना डोंगरांवरून पांढरे ओहोळ उतरत होते आणि शेते हिरवीगार दिसत होती. सायंकाळी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वसलेले सातारा गाव आले. गाव धावणाऱ्या पाहुण्यांनी फुलून गेले होते. कंदी पेढ्यांच्या दुकानांतही गोष्ट एकच : उद्या पाऊस येईल की ऊन पडेल?

या शर्यतीचा आरंभ २०१२ सालचा. अंतर अर्ध्या मॅरेथॉनचे, म्हणजे २१ किलोमीटरांहून थोडेसे अधिक. गावातून निघायचे, यवतेश्वराचा घाट चढून कास पठाराच्या रस्त्याने जायचे, आणि अर्ध्यावर वळून त्याच वाटेने परत यायचे. कास पठारासह पश्चिम घाटाची जागतिक वारसास्थळांत नोंद झाली, तीही २०१२ सालीच. २०१५ साली येथे एकाच वेळी अडीच हजारांहून अधिक माणसे डोंगर धावली आणि गिनीजच्या पुस्तकात गावाचे नाव गेले.

साताऱ्याचे धावण्याशी नाते मात्र याहून पुष्कळ जुने आहे. १९१९ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणारे खेडूत पाहून सर दोराबजी टाटा थक्क झाले. शास्त्रशुद्ध शिक्षण नसता ही माणसे युरोपियन धावपटूंच्या तोडीची धावतात, तर यांना ऑलिंपिकला का पाठवू नये, असा विचार त्यांच्या मनात आला. त्यातूनच १९२० साली अँटवर्पला हिंदुस्थानचा छोटासा चमू गेला. मॅरेथॉन धावण्यासाठी दोघे होते : बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि साताऱ्याचे दातार. त्या वर्षी मॅरेथॉनचे अंतर नेहमीपेक्षा अधिक, ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी २ तास ५० मिनिटांत ते कापून एकोणिसावा क्रमांक मिळविला. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. रात्री जेवणाच्या पंगतीत आप्पांनी ही हकिकत सांगितली, तेव्हा एका तरुणाने सहज विचारले, ‘म्हणजे सातारकर हरले म्हणायचे?’ आप्पा हसले. म्हणाले, ‘अहो, त्यांचे नाव शंभर वर्षांनीही आपण घेतो आहोत ना? मग हरले कसे?’

दाजी त्या पंगतीत फारसे जेवले नाहीत. लवकर झोपायला हवे, असे सांगून उठले.

रविवारी पहाटे, रस्ता वाहनांस बंद होण्यापूर्वी, आम्हा न धावणाऱ्यांना जीपने घाटमाथ्यावर सोडण्यात आले. तेथे पाण्याचे पिंप, केळी, संत्र्याच्या फोडी आणि मिठाच्या पुड्या मांडून आम्ही उभे राहिलो. धुके एवढे दाट होते की, दहा पावलांपलीकडचे झाड दिसत नव्हते. खालून ढोलताशांचा आवाज येत होता. सातारकर आपल्या दारांत उभे राहून परक्या माणसांना धीर देत होते. मग धुक्यातून प्रथम पावलांचा आवाज आला आणि त्यामागून माणसे.

चढ फुफ्फुसांची परीक्षा घेतो आणि उतार गुडघ्यांची, असे मंडळाचे डॉक्टर सांगतात. चढताना श्वास पुरत नाही, म्हणून माणूस आपोआप मंदावतो. उतरताना श्वास पुरतो, म्हणून तो बेफाम सुटतो. परंतु प्रत्येक पावलाला मांडीच्या स्नायूंना घोड्याचा लगाम ओढून धरावा तसे शरीर आवरून धरावे लागते. म्हणून शहाणा धावपटू वर जाताना थोडी शक्ती राखून ठेवतो. ताई तशी आली : लहान पावले, शांत चेहरा. पाण्याचा पेला घेताना ‘दाजी किती पुढे आहेत?’ एवढेच तिने विचारले. दाजी बरेच आधी, ओठ घट्ट मिटून, पाणी न घेता निघून गेले होते.

जाणारे आणि येणारे एकाच रस्त्यावर असल्याने या शर्यतीत सर्वांना सर्वजण दिसतात. त्यामुळे वळून परत येणारे दाजी आम्हांला दुरूनच दिसले. ते चालत होते. चेहरा पांढराफटक पडलेला, दात वाजत होते. माझ्याजवळ आले आणि पिंपाच्या कडेला बसले. ‘काही नाही, थोडी चक्कर आली. दोन मिनिटांत निघतो,’ म्हणाले. मी कपाळाला हात लावला, तो चटका बसला. डॉक्टरांनी जवळ बसून विचारपूस सुरू केली, तेव्हा एकेक गोष्ट बाहेर आली. बुधवारपासून त्यांना ताप होता. घरी कोणाला न सांगता त्यांनी तीन दिवस गोळ्या घेतल्या होत्या आणि पहाटे निघण्यापूर्वी अंगदुखीच्या आणखी दोन.

डॉक्टर सहसा आवाज चढवीत नाहीत. त्या दिवशी चढविला. तापात धावणे हे धाडस नव्हे, असे ते म्हणाले. ताप आणणारा जंतू कधी कधी हृदयाच्या स्नायूलाही सूज आणतो आणि अशा वेळी त्या हृदयाला घाटावर पळविले तर ते अवचित थांबू शकते. वेदनाशामक गोळ्या दुखणे बरे करीत नाहीत, केवळ धोक्याची घंटा बंद करतात. शिवाय अंगातले पाणी कमी झाले असता त्यांतील काही मूत्रपिंडांनाही बाधतात. दाजी मान खाली घालून ऐकत होते आणि तरीही हातातल्या घड्याळाकडे पाहत होते. ‘आता सगळा उतारच आहे,’ ते पुटपुटले.

तेवढ्यात ताई वळण घेऊन परत आली. ती छान धावत होती. सातारा सात-आठ किलोमीटर उरले होते. ती थांबली. दाजी म्हणाले, ‘तू जा. माझ्यापायी तुझी शर्यत नको बिघडायला.’ ताईने उत्तर दिले नाही. खाली वाकून तिने त्यांच्या मनगटावरचे घड्याळ सोडले, आपल्या खिशात टाकले आणि त्यांच्याशेजारी ओल्या दगडावर बसली. रुग्णवाहिका येईपर्यंत दोघांपैकी कोणी बोलले नाही.

खाली रुग्णालयात हृदयाचा आलेख काढला. तो निर्दोष निघाला. सलाईन लावले आणि दुपारी त्यांना सोडले. मंडळातील बाकीच्यांच्या गळ्यांत पदके होती, या दोघांच्या नव्हती. परतीच्या वाटेवर बस बोगद्यात शिरली, तेव्हा त्या अंधारात दाजी हळूच म्हणाले, ‘पदक माझे गेले नाही ग, तुझे गेले.’ ताई म्हणाली, ‘ताप लपविलात, त्याचे मला वाईट वाटते. पदकाचे काय, घाट तिथेच आहे.’

वाचकहो, आपल्या घरांतूनही अशी माणसे आहेत. ती मॅरेथॉन धावत नसतील. परंतु दुखणे लपवून कचेरीत जातात, ताप अंगावर काढून स्वयंपाक करतात आणि त्यालाच कर्तव्य म्हणतात. घरच्यांनीही कधी त्यांची वाहवा केलेली असते, हे विसरून चालणार नाही. त्या मंडळाने मात्र एक शहाणपणाची गोष्ट केली. दाजींना दोष देत न बसता त्यांनी आपल्यासाठी नियम घातला : शर्यतीच्या आदल्या रात्री प्रत्येकाने आपली प्रकृती मोकळेपणी सांगावयाची, जो ‘मी उद्या धावत नाही’ असे म्हणेल, त्याचे नाव पंगतीत टाळ्यांनी घ्यावयाचे. आप्पांनी याला ‘दातारांचा नियम’ असे नाव दिले.

पुढील वर्षी ताई पुन्हा साताऱ्यास गेली. तिने शर्यत पुरी केल्याचे पत्र दाजींच्या हस्ताक्षरात मला अमीनाबादेत मिळाले. घाटमाथ्यावर पिंपाजवळ या वेळी ते स्वतः उभे होते. गुडघा कुरकुरत होता, म्हणून त्यांनी आदल्या रात्री आपणहून तसे सांगितले होते, आणि टाळ्याही घेतल्या होत्या. ते पत्र खिशात घालून मी बाजारात उतरलो. नेहमीप्रमाणे वाट अडली होती. समोरचे वृद्ध गृहस्थ ‘पहले आप’ म्हणाले. एरवी मी त्या शब्दांवर चिडतो. त्या दिवशी थांबलो आणि त्यांना आधी जाऊ दिले.