शंभर माणसांचा कोरम



सरपंच कोण होणार यावर गावात रात्र-रात्र चर्चा रंगते. पण ग्रामपंचायतीने विकासकामावर पैसा खर्च करण्यापूर्वी ग्रामसभेची मान्यता घ्यावी लागते, हे किती जणांना ठाऊक आहे? ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ८ मध्ये तसे लिहिले आहे. आणि ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस, मग तो वाड्यातला असो की आपल्या वस्तीतला.

या सभेचा कोरम किती? मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जी संख्या कमी ती. म्हणजे ३,००० मतदारांच्या गावालाही शंभर माणसे पुरतात. तीही जमत नाहीत! मग सभा तहकूब होते, आणि खरी मेख इथेच आहे. तहकूब सभेला कोरम लागत नाही. दहा-पंधरा माणसे चहा पिता पिता हात वर करतात आणि ठराव गावाच्या नावाने मंजूर! कोरम मोडावा अशीच काहींची इच्छा असते, असे म्हटले तर वावगे ठरू नये.

कोरम भरला तरी बहुमत आपले नसतेच. प. पू. बाबासाहेबांनी हे १९३२ सालीच ओळखले होते. मुंबई कायदेमंडळात ग्रामपंचायत बिलावर बोलताना त्यांनी अस्पृश्यांसाठी खास प्रतिनिधित्व मागितले. आज राखीव जागा आहेत. शिवाय पंचायतीच्या उत्पन्नातील १५ टक्के रक्कम मागासवर्गीयांसाठी खर्च करावीच लागते; ती कुणाच्या बहुमतावर अवलंबून नाही. परंतु हिशेबात 'मागासवर्गीय कल्याण' एवढे दोन शब्द आणि पुढे एक ठोक आकडा असेल, तर गप्प बसू नका. कोणते काम, कोणत्या गल्लीत, किती रुपये, हे सभेत उभे राहून विचारा.

भगिनींसाठी ग्रामसभेआधी स्वतंत्र महिला सभा घ्यावी लागते. नळ, संडास, स्मशानाची वाट हे विषय तिथेच मांडा आणि इतिवृत्तात लिहून घ्या.

मुंबई-पुण्यातल्या ज्यांचे नाव शहराच्या यादीत आहे, त्यांना गावच्या ठरावावर हात वर करता येणार नाही. पण १ मेच्या सुमारास गावी असाल तर आईवडिलांना, भावाला, वहिनीला सभेला घेऊन जा. अन् एक सांगा त्यांना, ठराव वाचून दाखवल्याशिवाय वहीत सही किंवा अंगठा द्यायचा नाही.