वाफ्यास पांघरूण

चैत्र लागला कीं पुण्यांतील परसदारीं पाण्याचा हिशेब सुरू होतो. शहरास पाणी पुरविणारीं खडकवासला, पानशेत, वरसगांव व टेमघर हीं धरणें जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांच्या पावसावर भरतात. पुढें त्याच सांठ्यावर उन्हाळा काढावा लागतो. अशा दिवसांत पालकाच्या वाफ्यास किती पाणी घालावें, ह्यावरून गेल्या वर्षीं आमच्या घरांत सासूसुनांचा अबोला होण्याची वेळ आली. वाफे सासूबाईंचे, आणि बादल्या वाहावयाच्या सूनबाईंनीं!

अखेर तोड सूनबाईंनींच सुचविली. अंगणांतील आंब्याचा वाळला पाला आम्ही दर शनिवारीं पेटवून देत असूं. तो वाफ्यांत पसरावा, असें त्या म्हणाल्या. कचऱ्यानें कीड होईल, असें सांगून आम्हीं ती गोष्ट उडवून लाविली. त्यांनीं मात्र दोन वाफे मागून घेतले, एक उघडा व एक झांकलेला. उघड्यास रोज पाणी लागे. झांकलेल्यांत तिसऱ्या दिवशींहि बोटभर खालची माती ओली सांपडे. जन्मभर मुलांस शिकविलेल्या आम्हांस त्या दिवशीं शिष्य व्हावें लागलें.

कारण साधें आहे. ऊन व वारा उघड्या मातींतील ओल ओढून नेतात. पाल्याचा थर दोघांसहि अडवितो. तण दबतें, आणि कुजलेल्या पाल्याचें खतहि होतें. 'आच्छादन' व 'छत्र' हे दोन्ही शब्द 'छद्' म्हणजे झांकणें ह्या एकाच धातूचे. जमिनीसहि छत्र लागतें, एवढेंच. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर ह्यांनीं 'प्रयोग परिवारा'च्या द्वारें पालापाचोळ्याचें हें मोल अनेकांस पटवून दिलें होतें.

आतां कृति. बीं पेरल्याबरोबर जाड थर घालूं नये. आमची पहिली मेथी त्याखालींच गुदमरली. रोपें चार बोटें वर आलीं म्हणजे वाफा भिजवावा, व ओळींमधून चुरलेला वाळका पाला दोन इंच पसरावा. देंठाभोंवतीं दोन बोटें जागा मोकळी ठेवावी, नाहीं तर बुंधा कुजतो. पावसाळ्यांत थर पातळ करावा, कारण त्याखालीं गोगलगाई लपतात. महिन्याभरांत उपटावयाच्या मेथीपेक्षां वरचेवर खुडावयाच्या पालक, माठ, चाकवत ह्यांस ह्याचा लाभ अधिक.

आतां शनिवारीं आमच्या अंगणांत धूर होत नाहीं, बादल्याहि पुष्कळ कमी झाल्या. वाचकांनीं दोनच वाफ्यांपासून आरंभ करावा. सुनेचें ऐकण्यास मात्र आमच्याइतका उशीर लावूं नये.