मातीत कुजणारा मल्चिंग पेपर: घ्या, पण लेबल वाचून



उन्हाळी कलिंगड-खरबुजाची तयारी सुरू झाली की मल्चिंग पेपरची चौकशी सुरू होते. यंदा बरेच जण विचारतायत, "तो मातीत कुजणारा पेपर घ्यायचा का? त्याचं म्हणे खत होतं." आमचं मत सरळ सांगतो. कमी दिवसांच्या पिकाला थोड्यावर वापरून बघा. पण खत होतं म्हणून घेऊ नका, आणि नुसतं 'बायो' छापलंय म्हणून तर अजिबात नको.

आधी साध्या पेपरचा हिशेब. 25 मायक्रॉनचा, 4 फुटी, 400 मीटरचा रोल साधारण 11 किलो भरतो. एकरी 6 रोल धरा, म्हणजे 66 किलो प्लास्टिक. पीक निघाल्यावर वरचा पेपर ओढून निघतो, पण मातीत दाबलेल्या कडा तुटून तिथंच राहतात. त्यावर रोटाव्हेटर फिरला की तुकड्यांचे आणखी तुकडे. निघालेला पेपर बांधावर पेटतो, तो धूर कुणाच्या छातीत जातो ते सांगायला नको. चीनमध्ये पातळ पेपर रानातून गोळाच होईना, म्हणून 2018 पासून तिथं किमान जाडी 8 वरून 10 मायक्रॉन करावी लागली. आपला पेपर त्याहून जाड आहे, नीट काढला तर निघतो. कंटाळा आपण करतो.

आता कुजणारा पेपर. तो बहुतेक पीबीएटी नावाचं पॉलिमर, स्टार्च किंवा पीएलए यांचा असतो. यात कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन असतो. *नत्र, स्फुरद, पालाश नाही.* मातीतले जिवाणू आणि बुरशी तो खातात, बराचसा कार्बन वायू होऊन उडून जातो. एकरी पेपरच 50-55 किलो, आणि शेणखताची ट्रॉली टनांत मोजतात. मग खत कुठून होणार? जपानमध्ये 2021 साली संशोधकांनी एका वनस्पतीजन्य प्लास्टिकपासून युरिया मिळवून त्यावर रोपं वाढवली, हे खरं आहे. पण त्यासाठी ते प्लास्टिक अमोनियाच्या पाण्यात 90 अंशाला तापवावं लागलं. वाफ्यात ते कोण करणार!

खरा फायदा दुसरा आहे: पेपर ओढायची मजुरी वाचते, जाळणं थांबतं, रानात तुकडे साठत नाहीत. पण हे पेपर खरा असेल तरच.

म्हणून लेबल बघा. 'कंपोस्टेबल, आयएस 17088' याचा अर्थ तो गरम कंपोस्टमध्ये, 58 अंशांच्या आसपास, कुजतो. आपल्या वाफ्यातल्या मातीत कुजेल असा त्याचा अर्थ नाही. मातीसाठी युरोपचं मानक आहे ईएन 17033: साध्या मातीच्या तापमानाला 2 वर्षांत 90 टक्के कार्बन वायूत बदलला पाहिजे. आणि 'ऑक्सो' शब्द दिसला तर रोल परत ठेवा. ते साधंच प्लास्टिक, उन्हानं भुगा होणारं. भुगा होणं म्हणजे कुजणं नाही. युरोपात 2021 पासून त्याच्या वस्तूंवर बंदी आहे. आपल्याकडेही 2024 च्या नियमांनुसार 'बायोडिग्रेडेबल' म्हणायचं तर मागे मायक्रोप्लास्टिक राहता कामा नये, आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. दुकानदाराकडे त्याची प्रत मागा. तो वैतागला तरी मागा.

पिकाचंही बघा. 70-75 दिवसांच्या कलिंगडाला हा पेपर जमतो. सहा-आठ महिने चालणाऱ्या ढोबळी-मिरचीला नाही. ओल्या मातीत दाबलेली कड आधी कुजते, मग वारा पेपर उचलतो आणि तण वर येतं. तिथं 30 मायक्रॉनचा साधा पेपरच घ्या आणि पीक संपल्यावर पूर्ण काढा. मागच्या हंगामातला जुना बायो रोल स्वस्तात मिळाला तरी नको, तो ठेवल्या ठेवल्या कमजोर होतो. आणि मे महिन्यात ड्रीप बंद करून रान तापत ठेवलं तर पेपर तसाच पडून राहणार, कारण जिवाणूंना ओल लागते. हलकं रोटाव्हेटर मारा आणि पावसाची वाट बघा.

हा पेपर साध्यापेक्षा बराच महाग आहे, त्यामुळे पहिल्या वर्षी एक-दोन बेडच करा, शेजारी साधा पेपर ठेवा. रोल बुक करायच्या आधी लेबलचा स्पष्ट फोटो या नंबरवर पाठवा, आम्ही बघून सांगतो.

– सल्ला विभाग, आपली शेतकरी उत्पादक कंपनी