यंत्र बिघडलेले नसते तेव्हा

आमच्या महाविद्यालयातून बाहेर पडलेला आणि पुढे आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला एक विद्यार्थी दिवाळीत भेटावयास आला होता. पणजीला मांडवीच्या पात्रात नांगरलेल्या एका कॅसिनोच्या जहाजावर तो स्लॉट यंत्रे दुरुस्त करतो. बनोशात त्याचे वडील मात्र 'मुलगा गोव्यात हॉटेलात आहे' असेच सांगतात. "सर, मी जुगार खेळत नाही, कुणाला खेळवीतही नाही. मग बाबांना लाज कशाची?" या त्याच्या प्रश्नाला तेथल्या तेथे उत्तर देणे मला साधले नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

अडकलेली नोट काढावी, झिजलेले बटण बदलावे, तिकीट छापणारा भाग साफ करावा, असे त्याचे काम. निकाल ठरविणारी चिप त्याच्या अखत्यारीत नाही. गिऱ्हाइकाची नित्याची तक्रार एकच: "यंत्र बिघडले आहे, तासभर काही देत नाही." तो यंत्र उघडतो, तपासतो, पुन्हा बंद करतो. बिघाड कोठेच नसतो.

अर्थशास्त्राच्या शिक्षकाला येथे राहवत नाही. तीन चक्रे आणि प्रत्येकावर २० चित्रे असली, तर एक विशिष्ट जुळणी ८,००० खेळींत सरासरी एकदा येईल. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोत चार्ल्स फे याने केलेल्या यंत्रात निदान चक्रे खरी होती. १९८४ साली इंगे टेल्नेस यांना अमेरिकेत पेटंट मिळाले आणि सोडत संगणकाच्या स्मृतीतील लांबलचक यादीतून निघू लागली. ही यादी ६४ घरांची धरली, तर जुळण्या होतात २,६२,१४४! डोळ्यांना चित्रे दिसतात तेवढीच. नशीब मात्र न दिसणाऱ्या घरांत विखुरलेले. मिनिटाला दहा खेळी, खेळीला दहा रुपये आणि यंत्राचा परतावा शेकडा ९२ असे धरा. तासाला ६,००० रुपयांची उलाढाल होते आणि सरासरी ४८० रुपये जातात. यात लबाडी नाही. यंत्राची रचनाच तशी आहे.

आता लाजेचा प्रश्न. महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, तो कधीच अमलात आणला नाही आणि २०२३ मध्ये रद्द केला. गोव्याने १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांत ही यंत्रे चालू दिली, पुढे जहाजांवरही जुगाराला मुभा दिली. मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून खुद्द गोवेकरांना जुगाराच्या दालनात मज्जाव आहे. आपल्या प्रजेला जपावयाचे आणि शेजाऱ्याच्या खिशावर महसूल उभा करावयाचा, असे हे धोरण! केंद्रही मागे नाही. सप्टेंबर २०२५ पासून कॅसिनोवर जीएसटीचा दर शेकडा ४० आहे. एवढे मोठे वाटेकरी उजळ माथ्याने वावरत असता लाज तेवढी पाना फिरविणाऱ्याने बाळगावी, हा न्याय मला मान्य नाही.

पण 'मी फक्त दुरुस्त करतो' हे त्याचे समाधानही मला पुरते पटत नाही. यंत्राचे अंतरंग ज्याला ठाऊक, त्याने निदान गावाकडून येणाऱ्यांना ते सांगावे. सरकारने तर प्रत्येक यंत्रावर परताव्याचे प्रमाण ठळक मराठी, कोकणी आणि हिंदीत लिहिणे सक्तीचे करावे. ब्रिटनमध्ये यंत्रांवर ते दाखवावे लागते. खेळू नका असे सांगण्यापेक्षा हिशेब दाखविणे मला अधिक सभ्य वाटते. (वर्गातही माझा हाच अनुभव आहे.)

परवा बाजार समितीच्या आवारात त्याचे वडील भेटले. त्यांना हा सारा हिशेब सांगितला, मुलगा प्रामाणिक कष्टाचे खातो हेही सांगितले. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पन सर, थे मशीन चांगली असूनच लोकायले बुडवते, त पोट्टं थिले दुरुस्त तरी कायले करते?"

मी कापसाच्या भावाचा विषय काढला.