पोरांची वही मिटू देऊ नका

गेल्या रविवारी विहारातील वंदना आटोपल्यावर एक मुलगी आमच्याजवळ आली. वय वीस-बावीस. दिवसा एका दुकानात हिशेब लिहिते, रात्री चित्रे काढते. पिशवीतून शंभर पानी वही काढून ती जी बोलू लागली ती थांबेचना. तिला वेबकॉमिक करायचे आहे, म्हणजे मोबाइलवर भागाभागाने वाचायची चित्रकथा. विषय, वरळीची बीडीडी चाळ. एकशे साठ चौरस फुटांची खोली, दोन्ही बाजूंना दारे असलेला लांब पॅसेज आणि १९७४ च्या दंगलीत दाराला पाठ लावून रात्र काढणारी तिची आजी. पहिले बारा भाग ठरलेत, आजीच्या लुगड्याचा रंगसुद्धा ठरलाय. चाळी पाडून टॉवर उभे राहत आहेत, म्हणून तिला घाई आहे.

शेजारी बसलेले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, ‘‘पोरी, चित्रांनी पोट भरते का? स्पर्धा परीक्षेला बस.’’ मुलीने वही मिटली. आम्हाला ते लागले.

परीक्षा द्यावी, जरूर द्यावी. परंतु चित्र हा पोरखेळ आहे, हे आपण कुणाकडून शिकलो? १९३२ ते १९५६ या काळात वृत्तपत्रांनी बाबासाहेबांवर काढलेली व्यंगचित्रे उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ साली एका पुस्तकात एकत्र केली. ती पाहावीत. कुंचला दुसऱ्याच्या हाती असला की महामानवालाही खुजे करून दाखविता येते, हे त्यातून कळते. पुढे २०११ मध्ये दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या परधान गोंड कलावंतांनी ‘भीमायन’ची चित्रे काढली, तेव्हा तेच जीवन वेगळ्या नजरेने जगापुढे आले. १९२० साली ‘मूकनायक’ काढावा लागला तो याच कारणाने. आपले म्हणणे मांडायला आपली जागा हवी. ती जागा आज या मुलीच्या तळहातावर आहे. तिला कोणत्याही संपादकाची परवानगी लागत नाही.

ती आम्हाला हळूच म्हणाली, ‘‘सर, माझा हात चांगला नाही. मी कुठे शिकलेली नाही.’’ अमेरिकेतील रँडल मन्रो हा भौतिकशास्त्राचा पदवीधर. त्याने २००५ मध्ये वहीतली काडीमाणसे इंटरनेटवर टाकली. आज त्याचे ‘एक्सकेसीडी’ जगभर वाचले जाते. आपल्या देशात रचिता तनेजा २०१४ पासून अशाच काडीमाणसांतून बोलते आहे. त्या साध्या रेघा इतक्या झोंबल्या की २०२० मध्ये महान्यायवादींनी तिच्याविरुद्ध न्यायालयाच्या अवमानाच्या कारवाईला संमती दिली. रेघ वाकडी असली तरी चालते, सांगण्यासारखे काही असावे लागते.

कायदाही हेच म्हणतो. कॉपीराइट कायदा, १९५७ मधील व्याख्येनुसार चित्रात कलात्मक गुण असो वा नसो, ती ‘कलाकृती’च ठरते. स्वतःच्या मनाने काढलेले चित्र कागदावर उतरले की हक्क तिचा. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तिच्या हयातीत आणि तिच्यानंतर साठ वर्षे तो हक्क टिकतो. वकील म्हणून आम्ही तिला एकच बजावले. उद्या कुणी ‘आम्ही छापतो, इथे सही कर’ म्हणाला, तर वाचल्याशिवाय सही करू नकोस. कोणते हक्क, किती वर्षांसाठी, किती मोबदल्यात, हे लेखी असले पाहिजे. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षेच धरतो. परंतु ‘कायमचे’ असे लिहून सही केलीस, तर मग रडून उपयोग नाही. सुपरमॅन निर्माण करणाऱ्या सिगेल आणि शुस्टर या दोन तरुणांनी १९३८ साली त्याचे हक्क अवघ्या १३० डॉलरला लिहून दिले आणि पुढची अनेक वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजविल्या. आपली माणसे जमिनीच्या कागदावर न वाचता अंगठा देत आली. पोरांनी चित्रांच्या कागदावर तरी तसे करू नये.

मुलीने वही पुन्हा उघडली. दंगलीच्या रात्रीचे पान होते. पॅसेजमध्ये पिवळा दिवा जळत होता. जुने कार्यकर्ते वाकून बघत राहिले. मग म्हणाले, ‘‘हा दिवा काढ. त्या रात्री सगळे दिवे आम्हीच विझवले होते. मी होतो तिथे.’’ त्यानंतर ते तासभर बोलत होते आणि ती भराभर रेखाटत होती.

बांधवांनो, ही माणसे आहेत तोवर त्यांना बोलते करा. आणि घरातले पोर वही घेऊन समोर आले, तर आधी ती वही बघा. परीक्षेचे मग विचारा.

जयभीम!