पुराआधी पट्टी रंगवा

प्रति,
मा. महासंचालक,
भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, नवी दिल्ली

विषय : पुलगाव परिसरात त्याच कुटुंबांच्या आरोग्याचा वर्षानुवर्षे मागोवा घेण्याबाबत

महोदय,



आमचे पुलगाव वर्धा नदीच्या काठी वसले आहे. नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो. नदीवरच्या पुलाच्या खांबांवर पाणी मोजण्याची पट्टी रंगवतात ती उन्हाळ्यात, पूर चढल्यावर नव्हे. करोनाच्या काळात मात्र आमच्या जिल्ह्यात साथ मोजण्याची पट्टी रंगवायची राहून गेली होती.

मे 2020 च्या सुरुवातीला वर्धा जिल्हा केंद्राच्या यादीत ‘ग्रीन झोन’मध्ये होता. त्याच महिन्यात जिल्ह्यात पहिला रुग्ण आढळला. पुढे फेब्रुवारी 2021 मध्ये नदीपलीकडच्या अमरावतीत रुग्ण झपाट्याने वाढले आणि 22 फेब्रुवारीपासून तिथे पुन्हा टाळेबंदी लागली. असा विषाणू नदी केव्हा ओलांडतो, कोणत्या मोहल्ल्यात आधी शिरतो, हे दवाखान्यातल्या नोंदींवरून कळत नाही. ज्याला ना ताप ना खोकला, तो दवाखान्याची पायरी चढतच नाही. पण विषाणू तोही पसरवू शकतो.

आपल्या परिषदेने ही उणीव ओळखली, हे मी कृतज्ञतेने नमूद करतो. आपण 70 जिल्ह्यांत रक्तातील प्रतिपिंडे तपासणारी सर्वेक्षणे केली. मे-जून 2020 मध्ये प्रौढांपैकी 0.73 टक्के लोकांना संसर्ग होऊन गेल्याचे दिसले. जून-जुलै 2021 च्या चौथ्या फेरीत प्रतिपिंडे असलेल्यांचे प्रमाण 67.6 टक्क्यांवर गेले होते. त्या 70 जिल्ह्यांत महाराष्ट्रातले बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे सहा होते. विदर्भातला एकही नव्हता, ही पहिली मर्यादा.

दुसरी मर्यादा त्याहून मोठी आहे. जिल्हे तेच राहिले, पण माणसे दर फेरीला नव्याने निवडली गेली. प्रतिपिंडे काळानुसार ओसरतात. पहिल्या लाटेत संसर्ग झालेला माणूस वर्षभराने तपासला, तर तो ‘कधीच बाधित न झालेला’ म्हणून मोजला जाऊ शकतो. त्याच माणसाचे रक्त दर काही महिन्यांनी तपासले, तर संसर्ग कोणत्या काळात झाला, लसीचा परिणाम किती टिकला, दुसऱ्यांदा लागण झाली का, दम लागणे आणि थकवा किती महिने राहिला, हे सारे उलगडते. संशोधक अशा पाठपुराव्याला ‘कोहोर्ट’ अभ्यास म्हणतात. आपण त्याला सोबतीचा अभ्यास म्हणू.

अशा अभ्यासाला महानगरच लागते असे नाही. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम या लहान शहरात 1948 मध्ये 5,209 माणसांपासून सुरू झालेल्या अभ्यासाने हृदयविकाराची कारणे जगाला समजावली. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या माता आणि त्यांच्या मुलांचा पाठपुरावा केला. कमी वजनाच्या, हडकुळ्या दिसणाऱ्या आपल्या बाळांच्या अंगात चरबीचे प्रमाण मात्र जास्त असते, हे त्यातूनच पुढे आले.

मग पुलगावच का? मुंबई-हावडा लोहमार्गावरचे हे स्थानक आहे. गावाला लागून लष्कराचे केंद्रीय दारूगोळा भांडार आहे आणि भोवती कपाशीची गावे आहेत. देशभरातून येणारी माणसे आणि पिढ्यान्‌पिढ्या इथेच राहणारी माणसे एकाच बाजारात भेटतात. साथीची वाट पाहायची, तर ती अशाच गावात पाहावी.

मदतीला सेवाग्रामचे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थान जवळच आहे. तिथली विद्यार्थ्यांची प्रत्येक तुकडी एक गाव दत्तक घेते आणि घरोघरी जाऊन कुटुंबांशी नाते जोडते. डॉ. उल्हास जाजू यांच्या प्रयत्नांतून याच भागातल्या गावकऱ्यांनी सुगीला ज्वारी देऊन आरोग्य विम्याची वर्गणी भरली आहे. आरोग्यासाठी दरवर्षी आपला वाटा उचलणे इथल्या माणसांना नवे नाही.

म्हणून तीन विनंत्या करतो. पुलगाव आणि आसपासच्या गावांतली कुटुंबे निवडून किमान दहा वर्षांचा अभ्यास सुरू करावा, आणि साथ ओसरली म्हणून त्याचा निधी थांबवू नये. रक्त देणाऱ्याची संमती त्याला कळेल अशा मराठीत घ्यावी आणि त्याचे नाव गुप्त राहावे. तपासणीचा निकाल आधी त्याच्या हाती द्यावा, मगच शोधनिबंधात. ज्याच्या दंडातून रक्त घेतले, त्याला आपल्या रक्ताची हकीकत कळलीच पाहिजे. तसे झाले, तरच तो पुढच्या वर्षी पुन्हा दार उघडेल, आणि या अभ्यासाचा सारा जीव त्या उघडणाऱ्या दारात आहे.

1918 च्या इन्फ्लुएन्झाने तेव्हाच्या मध्य प्रांतात हाहाकार माजवला. आमचा वर्धा जिल्हा त्याच प्रांतात होता. शंभर वर्षांनी करोना आला. पुढची साथ शंभर वर्षे थांबेल, असे कोणी सांगू शकत नाही. आज नदीचे पाणी उतरलेले आहे. पट्टी रंगवायची वेळ हीच आहे.

आपला नम्र,
एक पुलगावकर