अब्बांचा फंड
एसटीतला माणूस 58 व्या वर्षी निवृत्त झाला की घरात पहिला प्रश्न तब्येतीचा निघत नाही. ‘फंड किती मिळाला?’ हाच निघतो. बहिणीचं लग्न, धाकट्याचं दुकान, घरावर वरचा मजला. याद्या आधीच तयार असतात.

तरुण दोस्तांनो, जरा हिशेब करा. ग्रॅच्युइटी म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार. तीस वर्षं राबल्यावर हातात पडतो जेमतेम दीड वर्षाचा पगार. पीएफ वेगळा, पण घर आणि आजारपणापायी त्यातून बऱ्याचदा आधीच उचल झालेली असते. आणि पेन्शन? ईपीएस-95 ची किमान पेन्शन 2014 मध्ये ठरली ती महिना 1,000 रुपये.

एवढ्यावर पुढची वीस वर्षं काढायची आहेत. पहाटेच्या ड्युटीची सवय सुटत नाही, डेपोतला मान घरी मिळत नाही, त्यात चहापाण्यालाही मुलाकडे हात पसरायचा. ‘आता नमाज पढा, नातवंडं सांभाळा’ असं सांगणं सोपं आहे.

निकाह साधा असावा, हे आपण प्रत्येक सभेत बोलतो. मग बापाचा फंड मोडून हॉल कशाला?

ते पैसे अब्बा आणि अम्मी दोघांच्या नावावर राहू द्या. अम्मी तर कधी निवृत्तच होत नाही, आणि खात्यावर बहुधा तिचं नावही नसतं. पैसे कुठे ठेवायचे, व्याज घ्यायचं की नाही, हे त्या दोघांना ठरवू द्या.